तापमानाच्या दोन फाइली

दुपारी तीनच्या सुमारास भाऊंची मान हळूहळू उजव्या खांद्याकडे कलायची. ही झोप नव्हे, हे कार्यशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणजे दोघी. एक भाऊंची थोरली बहीण, जी या धंद्याची मालकीण होती, आणि दुसरी भाऊंची मुलगी, जी वर्षापूर्वी बाहेरची नोकरी सोडून इथे आली होती. तिला घरीदारी सगळे धाकटी म्हणत. तिची थोरली बहीण परदेशी होती, त्यामुळे तुलनेला कुणी समोर नव्हतं, तरी नाव टिकलं होतं.

तर भाऊ झोपत नसत. ते फोल्डरांतून फिरत.

ही कार्यशाळा अंडी उबवण्याची यंत्रं बनवायची. ओळीने तीन खोल्या. पुढच्या खोलीत आत्याचं, म्हणजे मालकिणीचं, टेबल, मधल्या खोलीत संगणक आणि सोल्डरिंगचं सामान, आणि मागची खोली चाचणीची. तिथे सदैव एक यंत्र मंद घुमत असे, काचेवर वाफ धरलेली असे, आणि आत शिरणारा माणूस पाचव्या मिनिटाला आपण कशासाठी आलो होतो ते विसरत असे. यंत्राच्या पोटात एक हिरवा बोर्ड, बोर्डावर एक चिप, आणि चिपमध्ये भाऊंचा कोड. हीटर, पंखा, अंड्यांचे ट्रे कलते करणारी मोटर, तापमान मोजणारा सेन्सर, आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले, या प्रत्येकाची बोली निराळी. म्हणून चिपला प्रत्येकासाठी एकेक दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचा गाडीशी संबंध नाही, हे भाऊंनी आपल्या सासऱ्यांना शेवटपर्यंत समजावलं; सासरे शेवटपर्यंत 'जावई ड्रायव्हर लिहितात' असं सांगताना आवाज खाली आणत.

भाऊंना मिटल्या डोळ्यांपुढे एक लांब बोळ दिसायचा. दोन्हीकडे दारं. एका दारामागे पंखा स्वतःशीच गुणगुणत असायचा. एकीकडे हीटर मांजरासारखा अंग मुडपून पडलेला. मोटर दोन तासांतून एकदा कूस बदलायची आणि झोपेतच आकडे मोजायची. भाऊ सगळ्यांकडे डोकावत, कुणाचं पांघरूण नीट करत, आणि शेवटच्या दाराशी येत. त्या दारामागे तापमान होतं. तिथे ते चपला काढून आत जात.

तापमानाचा ड्रायव्हर ही भाऊंच्या आयुष्याची कमाई. बाकी त्यांनी पुष्कळ सुरू केलं होतं आणि ते सगळं छान सुरू झालं होतं. पूर्ण झालेलं आणि टिकलेलं असं हे एकच. नऊ वर्षं ते त्या फाइलीवर हात फिरवत होते. सेन्सर एक आकडा सांगे. भाऊंचा ड्रायव्हर तो सहजासहजी मानत नसे. मागच्या चौसष्ट आकड्यांची सरासरी काढी, एकदम उडी मारणाऱ्याला बाहेर बसवी, पुढच्या मिनिटाचा अंदाज बांधी, आणि मग शांतपणे 'सदतीस पूर्णांक सात' म्हणे. दर दोन-तीन महिन्यांनी भाऊ त्यात एखादी सुधारणा करत. सुधारणेनंतर यंत्र पूर्वीइतकंच चांगलं चाले. यालाच ते यश म्हणत. शिवाय ती फाइल बिल्डमध्ये, म्हणजे सगळ्या फाइली एकत्र बांधून चिपमध्ये घालायच्या त्या कामात, कधी म्हणून अडली नव्हती. "नऊ वर्षांत एक चूक काढून दाखवली नाही संगणकाने," असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे चहा पीत.

बाकी फोल्डरांची अवस्था मात्र स्वप्नातल्या बोळासारखी नव्हती. 'जुने', 'नवे', 'नवे-२', 'अगदी नवे' आणि 'असू दे' अशी पाच फोल्डरं होती. 'असू दे'मध्ये काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं, आणि नावच असं की काढायचं धाडस होत नव्हतं. मोटरचा ड्रायव्हर पंख्याच्या फोल्डरात होता, कारण दोन्ही फिरतात. डिस्प्लेचा ड्रायव्हर ज्या दुकानदाराने डिस्प्ले विकला त्याच्या टोपणनावाच्या फोल्डरात होता.

हे असंच सुखाने चाललं असतं, पण जुनी चिप बनवायचं बंद झालं. नवी चिप, नवा बोर्ड. जुनी यंत्रं गिऱ्हाइकांकडे चालूच राहणार, म्हणजे एकाच कोडाला दोन्ही बोर्डांवर नांदायचं होतं. त्याआधी घर आवरणं भाग होतं. ते काम आत्याने भाचीवर टाकलं.

"स्वयंपाकघरातले डबे लावतात तसं लाव," आत्या म्हणाली. "रोजचं हाताशी, सणासुदीचं वर, आणि एक डबा एकाच वस्तूचा."

"आत्या, मी आजवर स्वयंपाकघर लावलेलं नाही."

"ते तुझ्या बापाकडे बघून कळतं. तो घरी चहाच्या डब्यात पोहे शोधतो आणि फडताळात चष्मा. म्हणून तर सांगतेय."

भाऊ म्हणाले, "ताई, मला सगळं सापडतं."

"तुला सापडतं रे. तुझ्याशिवाय कुणाला सापडत नाही, हा त्रास आहे."

धाकटीने तीन आठवडे खपून घर लावलं. प्रत्येक वस्तूला एक फोल्डर: पंखा, हीटर, मोटर, सेन्सर, डिस्प्ले. चिपशी बोलायच्या गोष्टी निराळ्या, 'बोर्ड' नावाच्या फोल्डरात. स्वतःशी एकच नियम केला होता. फाइल फक्त उचलून ठेवायची, आतली ओळ बदलायची नाही. सेन्सरपाशी आली तेव्हा एकाच नावाच्या दोन फाइली निघाल्या. एक 'नवे'मध्ये, भाऊंची, साडेसातशे ओळींची. एक 'जुने'मध्ये, साठ ओळींची. अर्थातच तिने भाऊंची सेन्सरच्या फोल्डरात मानाने बसवली आणि 'जुने' हे फोल्डर कुलूप लावल्यासारखं बिल्डच्या बाहेर ठेवून दिलं. बांधताना भाऊंच्या फाइलीत एक अर्धविराम राहिलाय अशी तक्रार आली. हलवाहलवीत आपल्याच हातून पडला असेल म्हणून तिने गुपचूप तो घातला आणि वडिलांना सांगितलं नाही. पाहुण्यांसमोरचं वाक्य तिला पाठ होतं.

कार्यशाळेची एक रीत होती. चिपमध्ये नवा कोड गेला की एक दिवस यंत्र रिकामं चालवायचं, दुसऱ्या दिवशी अंडी ठेवायची. पण त्या दिवशी अंडी आलेलीच होती, शहाण्णव, आणि धाकटी म्हणाली, "एक ओळसुद्धा बदललेली नाही, नुसत्या जागा बदलल्यात." कपाट लावलं म्हणून कुणी शर्ट अंगाला होतो का बघत नाही. दुपारी अंडी आत गेली. डिस्प्लेवर सदतीस पूर्णांक सात. भाऊंची मान उजवीकडे कलली. बोळ आता रुंद आणि उजळ वाटत होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नेहमीसारखी मागच्या खोलीत गेली. धंदा सुरू करण्याआधी तिने वीस वर्षं कोंबड्या पाळल्या होत्या, आणि आकड्यांवर विश्वास ठेवण्याची सवय तिला उशिरा लागली होती. तिने दार उघडलं, एक अंडं उचललं, डोळा मिटला आणि अंडं पापणीवर टेकवलं. ते ठेवलं. दुसऱ्या कोपऱ्यातलं घेतलं. मग तिसरं.

"हे तापलंय," ती म्हणाली.

"सदतीस सात आहे, आत्या. कालपासून आकडा हललेला नाही."

"आकडा नसेल हलला. अंडं हललंय."

धाकटीने बाहेरचा पाऱ्याचा थर्मामीटर आत धरला. एकोणचाळीसला थोडं कमी. पंधरा मिनिटांनी छत्तीस. पुन्हा वर. डिस्प्ले आपला साधू बसावा तसा सदतीस पूर्णांक सातवर बसलेला. आतली उष्णता झोक्यावर होती आणि डिस्प्लेला त्याची गंधवार्ता नव्हती. तिने लगेच जुनी आवृत्ती चिपमध्ये परत घातली. अर्ध्या तासात पारा स्थिर झाला. आत्याने पुन्हा तीन अंडी पापणीला लावली आणि मान हलवली.

मग धाकटी संगणकापुढे बसली. एक ओळ बदललेली नाही आणि यंत्र बदललं, हे भुताटकीसारखं होतं. दुपार झाली. यादीत ती बोट ठेवत एकेक नाव वाचत होती. बिल्डला फाइली कुठे शोधायच्या त्याची ही आवराआवरीच्या आधीची यादी होती. बिल्ड त्या क्रमाने फोल्डरं उघडतं आणि त्या नावाची पहिली फाइल मिळाली की पुढे बघतच नाही. यादीत 'जुने' पहिलं होतं. 'नवे' हे नाव भाऊंनी नऊ वर्षांपूर्वी कधीतरी शेवटी जोडलं होतं.

तिने ते तीनदा वाचलं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती, शेजारी वडील मान कलती ठेवून मंद हसत होते, बहुधा शेवटच्या दाराशी पोचले होते. आणि त्या दारामागे नऊ वर्षं कुणी राहतच नव्हतं. तो अर्धविराम तिच्या हातून पडला नव्हता. तो मुळातच नव्हता; फाइल कधी बांधलीच गेली नव्हती, तर तक्रार करणार कोण? आणि काल पहिल्यांदा बांधली गेली तेव्हा चौसष्ट आकड्यांची सरासरी निघेपर्यंत हीटरला प्रत्येक वेळी उशीर होत होता.

तिने 'जुने'मधली साठ ओळींची फाइल उघडली. सेन्सर तीनदा वाचायचा, तिन्हींतला मधला आकडा धरायचा, संपलं. सगळ्यात वर एक टीप होती: 'तात्पुरतं. भाऊ बरा झाला की बदलणे.'

आत्या पुढच्या खोलीत बिलं फाडत होती. धाकटीने विचारलं, "आत्या, तू कधी कोड लिहिलायस?"

"मी कशाला लिहू? मला ते कळतं का?" मग जरा थांबून, "एकदा. तुझे बाबा टायफॉइडने पडले होते तेव्हा. पहिलं यंत्र द्यायचं होतं. सेन्सरबरोबर एक पुस्तिका आली होती, तीत नमुना होता, तो उतरवून काढला. नमुन्यात एकदाच वाचत होते. मी म्हटलं, एका अंड्यावर कोण विसंबतं? तीन बघावी, मधलं खरं धरावं. तेवढं घातलं. का गं?"

धाकटीने सांगितलं. आत्याने बिलाची चोपडी मिटली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान येऊ शकला असता, त्याची जागाही होती, पण आलं ते वेगळंच.

"म्हणजे हे सगळं..."

"हो. आजवर गेलेल्या प्रत्येक यंत्रात तुझी फाइल आहे."

"मग त्याची?"

"काल दुपारपासून आज सकाळपर्यंत चालली. अठरा तास."

आत्याने पेनाला टोपण लावलं. "असं कर," ती हळूच म्हणाली, "माझी उचलून त्याच्या जागी ठेव. नाव तर एकच आहे. कुणाला कळतंय?"

"ते रोज उघडतात ती."

"रोज?"

"दुपारी तर डोळे मिटूनही उघडतात."

आत्याने उसासा सोडला. "लहानपणी हा तासन्‌तास विहिरीत डोकावायचा. मी विचारायची, काय दिसतं? म्हणायचा, मी. मला वाटायचं, मोठेपणी सुटेल सवय." तिने चोपडी पुन्हा उघडली, पण लिहिलं काही नाही. "तू सांग. मी सांगितलं तर त्याला वाटेल मी मिरवतेय. आणि चाचणीच्या खोलीत सांग. तिथे ऊब आहे."

धाकटीने तसंच केलं. यंत्राशेजारी दोन स्टुलं होती. काचेमागे अंडी अंधुक दिसत होती, जणू धुक्यात पसरलेले गोटे. तिने यादी छापून आणली होती, ती वडिलांच्या हातात दिली आणि बोट दाखवलं. भाऊंना समजायला फार वेळ लागला नाही. इतरांच्या यादीत त्यांना अशी चूक एका नजरेत दिसली असती.

पंखा घुमत होता. मोटरने कूस बदलली, ट्रे सावकाश डावीकडून उजवीकडे कलले.

"बाबा, काही बोला."

"बोलतो," भाऊ म्हणाले, आणि यादीच्या चार घड्या घातल्या. मग म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षांत माझ्यामुळे एकही अंडं वाया गेलं नाही."

"नाही."

"आणि माझ्यामुळे एकही पिल्लू निघालं नाही."

तिने ती यादी त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली.

"माझ्याऐवजी ताईला टायफॉइड झाला असता तर बरं झालं असतं," ते सौम्यपणे म्हणाले. त्यांनी काचेवर बोटाने एक रेघ ओढली. वाफ पुसली गेली आणि लगेच पुन्हा धरली. "पंचेचाळीसव्या सुधारणेला मी तुझ्या आईला रात्रीचं जेवण बाहेर दिलं होतं. आठवतंय? तेव्हा तू नोकरीत होतीस."

"आठवतंय. आई म्हणाली होती, सुधारणा कसली ते सांगू नका, जेवू द्या."

"तिला बहुतेक माहीत असावं," भाऊ म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर तीन वाजले तरी भाऊंची मान सरळच राहिली. हे बघवत नव्हतं. ते खुर्चीत ताठ बसत, चहा वेळेवर पीत, विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देत. आत्याने एकदा दारातून बघितलं आणि धाकटीला म्हणाली, "हा आजारी तर नाही ना?" सातव्या दिवशी अंडी दिव्यासमोर धरून तपासली. शहाण्णवांत चार रिकामी निघाली. तेवढी एरवीही निघतात, असं आत्याने मुद्दाम मोठ्याने सांगितलं. भाऊंनी ती चार अंडी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवली आणि जरा वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

"यातलं एखादं माझं असेल," ते म्हणाले.

धाकटीने आवराआवर पुन्हा केली. आत्याची साठ ओळींची फाइल दोन भागांत फोडली. तीन वाचावे आणि मधला धरावा, हे शहाणपण सेन्सरच्या फोल्डरात ठेवलं, कारण ते कुठल्याही बोर्डावर खरंच आहे. आणि प्रत्यक्ष चिपच्या कुठल्या पायावरून, म्हणजे पिनवरून, सेन्सरला कशी हाक मारायची, हा भाग बोर्डाच्या फोल्डरात ठेवला. तिथे दोन खोल्या केल्या, जुन्या चिपची एक, नव्या चिपची एक. जुन्या खोलीत सामान होतं. नवी रिकामी होती.

"बाबा, नव्या चिपसाठी हे लिहायचंय. चाळीसेक ओळी."

"तू लिही."

"मला मोटरचं आहे अजून."

"मग ताईला सांग. तिचा हात बसलाय."

"मी ऐकतेय बरं का," पुढच्या खोलीतून आवाज आला. "आणि तुला आता टायफॉइड झालेला नाही, तेव्हा लिही मुकाट्याने."

भाऊ उठून मुलीच्या संगणकापाशी आले. "ती यादी दाखव," म्हणाले. तिने दाखवली. आता तिच्यात फोल्डरं शोधत फिरणं नव्हतं. प्रत्येक फाइल नावानिशी लिहिलेली, आणि एक नाव दोनदा आलं तर बिल्ड तिथेच थांबणार. भाऊंनी ती वाचली. "म्हणजे मी इथे जे लिहीन ते चालणार?"

"चालणार."

"नक्की?"

"तुमच्या फाइलीशिवाय बांधलंच जाणार नाही."

त्यांनी अजून एकदा यादी वाचायला मागितली. मग खुर्ची ओढली आणि बसले. त्या चाळीस ओळींना त्यांना चार दिवस लागले. साडेसातशे ओळी ज्या हाताने सहज वाढवल्या तो हात आता प्रत्येक ओळीला अडखळत होता, भरल्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या पाहुण्यासारखा. पहिल्या बांधणीत सहा तक्रारी आल्या. भाऊंनी त्या मोठ्याने वाचल्या, एकेक, दूरच्या नातेवाइकाचं पत्र वाचावं तशा. पुढच्या बांधणीत दोन. मग एकही नाही.

नवा बोर्ड मधल्या खोलीत टेबलावर मांडला होता. यंत्राची पेटी नव्हती, नुसत्या तारा. आणि हीटरच्या जागी एक साधा दिवा लावला होता, म्हणजे हीटर किती लागला असता ते दिव्याच्या उजेडावरून कळावं. सकाळचे अकरा वाजले होते. धाकटीने कोड चिपमध्ये घातला. डिस्प्ले क्षणभर कोरा राहिला. मग आकडा उमटला.

उणे पंचेचाळीस.

हीटरच्या जागचा दिवा त्या भयंकर थंडीला तोंड द्यायला सगळ्या जोराने पेटला. टेबल, तारा, भाऊंचा चष्मा, सगळं पिवळ्या उजेडात न्हालं.

"सेन्सरकडून नुसती शून्यं येतायत," धाकटी म्हणाली. "त्याच्या हिशेबात शून्य म्हणजे उणे पंचेचाळीस. बाबा, वाचायच्या आधी त्याला मोज म्हणून सांगायचं राहिलंय तुमच्याकडून."

"हो," भाऊ म्हणाले. "राहिलंय."

आत्या दारात आली होती. "किती दाखवतंय?"

"उणे पंचेचाळीस."

"स्वेटर आणू का?"

 भाऊ खुर्चीत थोडे मागे रेलले. आकड्यावरची नजर त्यांनी काढली नव्हती, पण मान हळूहळू उजव्या खांद्याकडे निघाली होती. धाकटीने कीबोर्ड पुढे ओढला.

"एकच ओळ आहे. घालू का मी?"

"मीच घालीन," भाऊ म्हणाले. "जरा वेळ राहू दे तसंच."